खांद्याचा जाब

परवा एका रुग्णालयात नव्या सोनोग्राफी यंत्राच्या उद्घाटनप्रसंगी वक्ते पडद्यावरील चित्राच्या निर्मळतेची वाखाणणी करीत असता, ज्या डॉक्टरबाई ते यंत्र रोज चालविणार त्या भिंतीशी उभ्या राहून उजवा खांदा चोळीत होत्या. खरेदीच्या दप्तरात यंत्र चालविणाऱ्याच्या शरीराचा विचारच नसतो, या माझ्या तक्रारीला याहून बोलका पुरावा मला नको होता. पोटावर फिरवायच्या प्रोबचे वजन नगण्य खरे. परंतु कोपर अंगापासून दूर, मनगट मुरडलेले, एक हात पोटावर दाब धरून आणि दुसरा कळांवर, अशा अवस्थेत एकामागून एक गर्भिणी तपासणाऱ्याचा खांदा कधीतरी जाब विचारतोच.

याउलट नेत्रविभागात काय दिसते? १९११ साली नेत्रतज्ज्ञ गुलस्ट्रँडने मांडलेल्या, डोळे तपासण्याच्या स्लिट लॅम्पची आजची घडण अशी की, रुग्णाची हनुवटी आधारावर व कपाळ पट्टीला टेकते, दिवा व सूक्ष्मदर्शक मेजावरील एकाच आसाभोवती फिरतात, आणि डॉक्टरांच्या बोटांकडे केवळ एक दांडी अलगद सरकविण्याचे काम उरते. तेथे स्थैर्य यंत्राच्या अंगी आहे. सोनोग्राफीत ते माणसाच्या स्नायूंतून वसूल केले जाते. वास्तविक ग्लासगोत प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड यांच्यासाठी अभियंता टॉम ब्राउन यांनी घडविलेल्या आरंभीच्या यंत्रात प्रोब चौकटीलाच जोडलेला असे, कारण त्याच्या स्थानाची नोंद घेतल्याशिवाय चित्रच उमटत नसे. पुढे हलते चित्र तत्क्षणी दिसू लागले, यंत्राची गरज सरली, चौकट गेली. हाताची गरज कोणी विचारातच घेतली नाही!

पोट म्हणजे हनुवटी नव्हे, ते श्वासागणिक उचलते, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच ताठ शिकंजा येथे निरुपयोगी, किंबहुना घातक. अभियंता कारवर्डाइन यांनी १९३२ च्या सुमारास मेजावरील दिव्यासाठी योजलेल्या स्प्रिंगच्या समतोलावर बेतलेली भुजा हवी: हलविताना सैल, मूठ सोडताच स्थिर, आडव्या दिशेने ठाम, प्रोबच्या अक्षावर मात्र श्वासापुरती नमणारी, आणि रुग्ण दचकताच एका झटक्यात दूर होणारी. पडद्यावर चित्राचा योग्य छेद शोधणे हाताचेच काम. पण सापडलेला छेद धरून ठेवणे, विशेषतः दुसऱ्या हाताने सुई घालून ऊतीचा नमुना घ्यावयाचा असता, भुजेकडे निःशंक सोपवावे.

पुढील निविदेत पडद्याच्या इंचांशेजारी या भुजेचे स्वतंत्र कलम घालावे, आणि मसुदा मंजुरीस जाण्यापूर्वी त्या डॉक्टरबाईंचा अभिप्राय लेखी घ्यावा.