युद्धकाळातली न्यायालये



१९६२ची आणीबाणी युद्धापुरती होती आणि न्यायालयांनी तेव्हा शासनाला अडवले नाही, हे गेल्या अंकातील लेखाचे दोन्ही दावे टिकत नाहीत. चीनने २१ नोव्हेंबर १९६२ला शस्त्रसंधी जाहीर केली. २६ ऑक्टोबरला पुकारलेली आणीबाणी मात्र १० जानेवारी १९६८ला उठली. या आणीबाणीत राजस्थानातील देवलीच्या छावणीत डांबलेल्यांत केवळ चिनी वंशाची म्हणून धरलेली बायकामुलेही होती. लेखाप्रमाणे त्यांना ‘संशयित’ म्हणणे अन्यायाचे आहे.

न्यायालयांबाबत प्रभाकर संझगिरी खटला पाहावा. भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असताना त्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे मराठी विज्ञानपुस्तक लिहिले. महाराष्ट्र शासनाने हस्तलिखित प्रकाशनासाठी बाहेर जाऊ दिले नाही. उच्च न्यायालयाने ते पाठवण्यास सांगितले. शासन अपिलात गेले आणि सर्वोच्च न्यायालयात हरले. स्थानबद्धतेच्या ठरलेल्या अटींपलीकडची बंधने शासनाला लादता येत नाहीत, असे न्यायालयाने ठरवले. निकालाची तारीख ६ सप्टेंबर १९६५, म्हणजे भारतीय सैन्याने लाहोर आघाडीवर सरहद्द ओलांडली तोच दिवस.

सर्वोच्च न्यायालयाचा मखनसिंग निकालही (१९६३) लेखात अर्धाच आला आहे. मूलभूत हक्कांसाठी दाद मागणे थांबले, तरी दुष्ट हेतूने केलेल्या स्थानबद्धतेला आव्हान देण्याची वाट त्याच निकालाने मोकळी ठेवली होती.

— एक वाचक, मुंबई