आर्क पेटण्याआधी एक सही

प्रति,
मावळ आणि बोरघाटातील रस्ते, बोगदे, खाणी व क्रशर यांचे कंत्राटदार आणि त्यांचे प्रकल्प व्यवस्थापक;
महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ;
औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय;
महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ

महोदय,

पोकलेनची बूम तडकली की मशीन वर्कशॉपला येत नाही, वर्कशॉपच मशीनकडे जाते. वीस टनांचे धूड लोबेडवर चढवून घाटातल्या गर्दीतून न्यायचे म्हणजे एक-दोन दिवस गेले आणि खर्च वेगळा. त्यापेक्षा हौद्यात डिझेलवरचा वेल्डिंग सेट, गॅस कटिंगचे सिलिंडर, ग्राइंडर, केबलची भेंडोळी आणि रॉडचे डबे टाकलेली पिकअप बोलावणे केव्हाही स्वस्त. अशी एक पिकअप वलवणात आमच्या दारी उभी असते. ती माझे यजमान आणि धाकटे दीर चालवतात. बिले, वह्या आणि बराचसा फोन माझ्याकडे.

खरे तर हे पत्र त्या दोघांपैकी कोणी लिहायला हवे होते. पण त्यांना साईटवर तुमच्या माणसांशी गोड राहावे लागते. पुढचे काम तिथूनच यायचे असते. मला तो संकोच नाही.

फोनवरचे बोलणे ठरलेले असते. "वहिनी, मिस्त्रींना लगेच पाठवा, मशीन उभी आहे." कुठे उभी आहे ते सांगतात. काय तुटले ते अर्धवट सांगतात. मशीन उतारावर आहे की सपाटीला, हायड्रॉलिकचे तेल गळते आहे का, शेजारी डिझेलचे बॅरल आहे का, जोडायच्या भागाचे पोलाद कोणते, साईटवर जबाबदार माणूस कोण भेटेल, हे विचारले की पलीकडून उत्तर येते, "ते आल्यावर बघू." आल्यावर भेटतो तो ऑपरेटर. तो बिचारा स्वतःच रोजंदारीवर.

माझे म्हणणे एवढेच आहे. मशीन तुमचे, जागा तुमची, घाई तुमची. तेव्हा आर्क पेटण्याआधी एका कागदावर सहीही तुमची हवी.

पोलाद म्हणजे पोलाद, त्याची जात काय विचारायची, असे बऱ्याच सुपरवायझरांना मनापासून वाटते. क्रशरच्या जॉ प्लेट घ्या. त्या मँगनीज पोलादाच्या असतात. रॉबर्ट हॅडफील्ड या इंग्रज धातुतज्ज्ञाने १८८२ च्या सुमारास शोधलेले हे पोलाद जितका मार खाते तितके कठीण होत जाते, म्हणून दगड फोडायला ते वापरतात. पण उष्णता त्याला सोसत नाही. साधारण २६० अंश सेल्सिअसच्या वर ते रेंगाळले तर ठिसूळ होते. म्हणून चार बोटे मारायचे, थांबायचे, निवू द्यायचे, मग पुढचे चार बोटे. बकेटचे दात ज्यावर बसतात त्या अडॅप्टरची गोष्ट नेमकी उलटी. तो आधी दीड-दोनशे अंशांपर्यंत तापवून घेतला नाही तर वेल्डिंगच्या थराच्या कडेने तडा जातो, आणि तो पुष्कळदा दुसऱ्या दिवशी दिसतो, मिस्त्री घरी पोहोचल्यावर. एकाला तापवायचे, दुसऱ्याला तापू द्यायचे नाही, आणि दोन्ही चिखलाने सारखेच माखलेले. आमचे भाऊजी खिशात लोहचुंबक ठेवतात. मँगनीज पोलादाला तो चिकटत नाही. पण बूमची प्लेट कोणत्या प्रतीची आहे, मागच्या वेळी कोणी कुठला रॉड मारून ठेवला आहे, हे चुंबक सांगत नाही. ते मशीनच्या पुस्तकात आणि दुरुस्तीच्या नोंदीत असायला हवे. पुस्तक तुमच्या ऑफिसात असते, ऑफिस रात्री बंद असते, आणि नोंद बहुधा कुणी केलेलीच नसते.

तड्याबद्दलही एक गैरसमज आहे. तो वरून भरायचा नसतो. त्याचे टोक शोधायचे, मुळापर्यंत खरवडून पूर्ण काढायचा, इंग्रजी व्ही आकाराची खाच करायची, भोवतालचे पोलाद तापवायचे, थरावर थर भरायचे, प्रत्येक थर साफ करायचा आणि शेवटी हळूहळू निवू द्यायचे. वरून पट्टी लावायची असेल तर तिची टोके निमुळती हवीत. चौकोनी पट्टीचे आडवे वेल्डिंग बूमवर पडले तर नवा तडा तिथूनच सुरू होतो. या कामाला निम्मा दिवस सहज लागतो. साईटवर दोन तास मिळतात आणि डोक्यावर माणूस घड्याळ धरून उभा. महिनाभराने तीच बूम शेजारून तडकते आणि मग ऐकू येते की मिस्त्रींचे काम कच्चे. ही यंत्रे इथून तासाभराच्या पट्ट्यात बनतात, जेसीबीची तळेगावात, ह्युंदाईची चाकणला. कारखान्यात त्याच जोडाला छप्पर, मोजलेला करंट आणि तपासणारा माणूस मिळतो. दुरुस्तीला निदान थोडा वेळ तरी मिळावा.

आता पावसाचे. लोणावळ्याला वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, हे तुम्हाला सांगायला नको. त्यातला निम्मा तुमच्याच साईटवरच्या खड्ड्यांत भरतो. भक्कम जोडाला जो ७०१८ नंबरचा रॉड लागतो त्याच्यावरचा लेप कोरडा असावा लागतो. डबा फोडून ठेवला की आमच्या हवेत तो पापडासारखा सादळतो. फरक इतकाच की सादळलेला पापड खाताना कळतो, सादळलेला रॉड जळताना फारसा कळत नाही. लेपातल्या ओलाव्यातून हायड्रोजन सुटतो, पोलादात शिरतो आणि काही तासांनी आतून चीर पाडतो. उपाय साधा आहे. तीनशे-साडेतीनशे अंशांवर तास-दोन तास भाजायचे आणि वापरेपर्यंत गरम डब्यात ठेवायचे. आम्ही घरून भाजून नेतो. पण साईटवर गरम डबा लावायला एक प्लग मागितला तर मिळत नाही, ताडपत्री मागितली तर "दहा मिनिटांचे तर काम" असे ऐकावे लागते.

ओल्यात दुसरे भय विजेचे. रॉड टेकलेला नसताना होल्डरवर साठ ते नव्वद व्होल्ट उभे असतात. कोरड्या हातमोज्याला त्याचे काही वाटत नाही. हातमोजा भिजलेला, अंगावर घाम आणि पाठ लोखंडाला टेकलेली असेल, तर एवढे व्होल्ट माणसाला पुरतात. हा दाब आपोआप खाली आणणारे उपकरण बाजारात मिळते, काही देशांत ओल्या जागी ते सक्तीचे आहे. आम्ही ते बसवू. पण भर पावसात, उघड्यावर, छपराशिवाय काम थांबवायचा अधिकार मिस्त्रीला आहे, हे तुमच्या कागदावर लिहिलेले हवे.

काही गोष्टी वेगाने सांगते, कारण त्या नव्या नाहीत. वेल्डिंगआधी मशीनची बॅटरी सोडवायची आणि कंट्रोलरचे कनेक्शन काढायचे. अर्थिंगचा क्लॅम्प जोडाच्या जवळच लावायचा, नाहीतर करंट बेअरिंगमधून किंवा सिलिंडरच्या रॉडमधून वाट काढतो आणि हजाराच्या दुरुस्तीत लाखाचा भाग जातो. हायड्रॉलिकचा दाब सोडायचा, बूम खाली टेकवायची. हे सगळे तुमच्या ऑपरेटरने करायचे आणि केल्याचे सांगायचे.

पण टायर आणि टाकी यांबद्दल वेगाने बोलता येत नाही. डंपरच्या रिमला तडा गेला की "टायर कशाला काढता, बाहेरून एक टाका मारा" असे सांगणारे लोक आजही आहेत. तापलेल्या रिमला लागून असलेले रबर आतून जळते, वायू साठतो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. हवा काढलेली असली तरी धोका टळत नाही. टायर रिमवरून उतरवल्याशिवाय काम करायचेच नाही. रिकाम्या टँकरचेही तसेच. भरलेल्यापेक्षा रिकामा जास्त घातक, कारण आत वाफ आणि हवा यांचे मिश्रण असते. १३ जून २०२३ ला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कुणे पुलाजवळ रसायनाचा टँकर पेटला आणि चार जणांचा जीव गेला. तो अपघात वेल्डिंगचा नव्हता. पण या घाटातून काय काय वाहत जाते हे त्या दिवशी खालच्या रस्त्यावरच्या लोकांनीही पाहिले. असेच टँकर कुठेतरी गळतात आणि त्यांचे ड्रायव्हर ढाब्यापाशी थांबून वेल्डिंगवाला शोधतात.

कायदा याबद्दल गप्प आहे असे नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ३७ मध्ये ज्वालाग्राही पदार्थ असलेल्या किंवा कधी काळी ज्यात तो होता अशा टाकीला पुरेशी खबरदारी घेतल्याशिवाय वेल्डिंग करू नये, असे स्पष्ट होते. मात्र त्या वाक्यात "कारखान्यात" असा शब्द होता. कारखान्याच्या फाटकाबाहेर, घाटाच्या कडेला, खाणीच्या तोंडाशी तेच काम करणारा माणूस कोणाच्या नजरेखाली? संचालनालयाला माझी विनंती आहे की मोठ्या साईटच्या तपासणीत एक प्रश्न वाढवा: बाहेरून येणाऱ्या वेल्डरला तुम्ही असा सही केलेला कागद, म्हणजे कामाचा परवाना, देता का, दिलेले परवाने दाखवा.

बोगद्याचा प्रश्न वेगळा. द्रुतगती मार्गाच्या खोपोली ते कुसगाव या १३.३ किलोमीटरच्या 'मिसिंग लिंक' रस्त्यावर जवळजवळ नऊ किलोमीटरचा बोगदा आमच्याच डोंगराखालून आणि लोणावळ्याच्या तळ्याखालून गेला आहे. अशा ठिकाणी वेल्डिंगचा धूर कोंडतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकले. बोगद्यात वेल्डरला बोलावताना पंखा आणि डक्ट आधी लागलेले असावेत, मिस्त्री आत गेल्यावर शोधाशोध नको.

आता वहीतले बोलते. बांधकाम कामगार मंडळात नाव नोंदवायचे तर मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचे प्रमाणपत्र लागते. आमचे काम वर्षभर बांधकामावरच चालते, पण एका मालकाकडे दोन तास, दुसऱ्याकडे अर्धा दिवस. नव्वद दिवसांची सही कोण देणार? प्रत्येक जण म्हणतो, तुम्ही आमचे कामगार नाही. बरोबर आहे, नाही. पण मग आम्ही कोणाचे? तुम्ही दिलेल्या कामाच्या कागदावर तारीख आणि तास असतील तर मंडळाने अनेक मालकांचे असे कागद एकत्र धरून नव्वद दिवस मोजावेत. हा बदल मंडळाच्या हातात आहे.

बोरघाटाच्या रेल्वेची हकीकत इथे आठवते. १८५९ मध्ये कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल वारला आणि त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेलने, कंत्राट हाती घेतले. १८६३ मध्ये घाटातून गाडी धावली. त्या बाईंचे मला कौतुक आहे, हिशेब सांभाळणाऱ्या बाईला असणारच. पण त्या घाटात पटकीने आणि सुरुंगाने मेलेल्या हजारो मजुरांची नावे कुठल्या वहीत नाहीत. नोंद नसली की असेच होते.

आणि पैसे. आमची उद्यम नोंदणी आहे. सूक्ष्म उद्योगाचे बिल लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे, असे २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो; उशीर झाला तर व्याजही. मी आजवर कोणाकडे व्याज मागितलेले नाही. मागितले की फोन बंद होतो. तेव्हा बिलाच्या तारखेचा पुरावा म्हणूनही तोच सही केलेला कागद उपयोगी पडेल.

आमच्या बाजूलाही घाण आहे, ती झाकत नाही. मास्कऐवजी काळा चष्मा लावून, पायात चपला घालून काम करणारे आहेत. घरगुती गॅसचा लाल सिलिंडर कटिंगला लावणारे आहेत. आयटीआयमध्ये वेल्डरचा कोर्स वर्षभराचा असतो, पण चिखलात आडवे पडून डोक्यावरचा जोड मारणे तिथे कोण शिकवणार? वलवण, कुसगाव, कार्ला भागातल्या पिकअपवाल्यांशी मी बोलते आहे. अटी तुम्हाला लावायच्या तर आम्हालाही लावून घ्याव्या लागतील, हे त्यातल्या बहुतेकांना मान्य आहे.

कागद एका पानाचा पुरे. मशीन कोणते, तुटलेला भाग कोणता आणि त्याचे पोलाद काय. टाकी असेल तर आधी त्यात काय होते आणि ती वायुमुक्त असल्याचा दाखला. बॅटरी सोडली का, दाब उतरवला का. आग विझवायचे सिलिंडर कोणाच्या हातात. काम संपल्यावर अर्धा तास ठिणग्यांवर लक्ष ठेवायला कोण थांबणार. आणि खाली साईटच्या जबाबदार माणसाची सही, नाव, वेळ. मोबाईलवर फोटो काढून पाठवलात तरी चालेल, आम्ही जुन्या वळणाचे नाही. महामंडळाने ही अट आपल्या निविदांमध्येच घातली तर कंत्राटदारांपुढे वेगळे हात जोडावे लागणार नाहीत.

येत्या जूनपासून हा कागद आल्याशिवाय आमची पिकअप सेट सुरू करणार नाही. रात्री दोनला फोन आला तरी मी तो उचलेन आणि पहिल्यांदा हेच विचारेन. नमुना तयार आहे. ज्यांना हवा त्यांनी माणूस पाठवावा, प्रत देते.

कळावे,
वेल्डिंगच्या एका पिकअपचा हिशेब ठेवणारी,
वलवण, लोणावळा