माडाला कायदा, पाडेल्याला काय?

आपल्या समाजाच्या कुठल्याही कार्यक्रमात दोन कुळागरवाले भेटले की एकच तक्रार ऐकू येते : 'पाडेली मिळत नाही.' नारळ माडावरच सुकतात, मग वाटेल तेव्हा कौलांवर कोसळतात. तक्रार खरी आहे. पण तिच्यापाठोपाठ 'आजकालच्या पोरांना कष्ट नकोत' हे जे वाक्य येते, ते आम्हांस मान्य नाही.

कष्टांचा हिशेबच मांडू. माड सरासरी 15 मीटरचा आणि दिवसाला 30 माड धरले, तर चढ झाली 450 मीटर. म्हणजे सहा कुतुबमिनार, आणि उतरण वेगळी. पायांत दोरीचा फास, छाती-मांड्या खोडाला घासत, सगळा भार तळव्यांवर आणि खांद्यांवर. वर पोचल्यावर एका हाताने झावळी धरायची आणि कंबर पिळून दुसऱ्या हाताने कोयता चालवायचा. मुंग्या आणि गांधीलमाशा असतातच. खाली बायका दिवसभर वाकून नारळ गोळा करतात. न सोललेला नारळ किलोच्या पुढेच भरतो, तेव्हा पन्नास नारळांचे पोते 50 किलोंच्या वर गेले. अमेरिकेतील कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने 1991 मध्ये सुधारलेल्या सूत्रात सारे काही अनुकूल असतानाची मर्यादा 23 किलो धरली आहे. वाकून, वळून उचलायचे तर आणखी कमी. आपण 'गडी दणकट आहे' म्हणतो आणि चहा सांगतो.

कुळागरातल्या पंपाचा घसारा आपण वहीत दाखवतो. पाडेल्याच्या गुडघ्याचा घसारा कोणाच्या वहीत आहे?

माडावर चढायचे यंत्र आता नवे नाही. दोन लोखंडी चौकटी, खोडाभोवती तारेचा दोर, पाय आळीपाळीने उचलत उभ्यानेच वर जाता येते. नारळ विकास मंडळाने 2011 पासून तरुणांना त्याचे प्रशिक्षण दिले, अपघात विम्याची योजनाही काढली. मुरलेला पाडेली या यंत्राला नाके मुरडतो, कारण दर माडाला ते काढा-घाला करण्यात वेळ जातो, आणि मजुरी तर माडावर ठरलेली! शिवाय सुरक्षा-पट्टा बांधला नाही, तर शेंड्यावर तो पूर्वीइतकाच मोकळा. मजुरी थोडी वाढवून पट्टा सक्तीचा करणे हे मालकाच्या, म्हणजे आपल्या, हातात आहे.

2016 मध्ये सरकारने माडाला वृक्षांच्या व्याख्येतून वगळले तेव्हा गोव्यात केवढा गदारोळ झाला! 2017 मध्ये माड पुन्हा कायद्यात आला, राज्यवृक्षही ठरला. योग्यच झाले. पण त्या साऱ्या चर्चेत माडावर चढणाऱ्याचे नाव फारसे निघाले नाही. मते मागायला येणाऱ्यांना ते आता विचारले पाहिजे : प्रत्येक पंचायतीकडे पट्ट्यांसह चार यंत्रे का नसावीत?

तोवर आपल्या आवाक्यातले एक काम. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपयांत अपघाती मृत्यू वा पूर्ण अपंगत्वाला दोन लाखांचे संरक्षण मिळते. झिजलेल्या खांद्याला किंवा बुडालेल्या रोजाला त्यात काही नाही, हेही लक्षात ठेवावे. हप्ता मेअखेरीस खात्यातून आपोआप वळता होतो, आणि त्या दिवशी खात्यात तेवढेही नसले तर संरक्षण संपते. बँकेत बसणाऱ्याला हे नेहमीचे आहे. तेव्हा पुढच्या पाडणीला पाडेली आला की त्याचे खाते कुठल्या बँकेत आहे ते विचारावे, अर्ज भरून द्यावा आणि 20 रुपये आपण घालावेत. खालच्या बायकांचाही अर्ज त्याच दिवशी भरावा.