सुई आमच्या हातात, दर कुणाच्या हातात?

8 मार्च जवळ आला की आमच्या वस्तीत एक ठरलेला कार्यक्रम होतो. विहाराच्या हॉलमध्ये सतरंज्या टाकतात, 'महिला सक्षमीकरण' असा फ्लेक्स लागतो, पाहुणे येतात आणि पंधरा-वीस मुलींना प्रमाणपत्रे वाटून फोटो काढून जातात. कोर्स तीन महिन्यांचा, शिवणकाम आणि आरी वर्क. अशाच एका फोटोत उभी असलेली मुलगी मला दिवाळीनंतर भेटली. बारावी झालेली, हात अतिशय साफ. नवरीच्या ब्लाऊजच्या दोन्ही बाह्या आणि पाठ तिने भरली होती. चार दिवस, रोज सहा-सात तास. मिळाले 450 रुपये. म्हणजे तासाला साधारण सतरा रुपये. त्याच कामाचे बुटीकवाल्याने गिऱ्हाइकाकडून साडेचार हजार घेतले होते.

या मुलीला नेमके काय शिकवले? टाका शिकवला, धंदा शिकवला नाही. आणि हे चुकून राहिले असे मी मानत नाही.

'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी इंदूरकडच्या बलाई समाजाची हकीकत दिली आहे. 1928 सालची. गावच्या सवर्णांनी बलाईंना फर्मान काढले की जरीच्या काठाची पगडी घालायची नाही, रंगीत किंवा नक्षीच्या काठाचे धोतर नेसायचे नाही, बायकांनी झोकदार कपडे घालायचे नाहीत. आपण हा भाग नेहमी सांगतो. पण त्याच यादीत आणखी एक अट होती, ती विसरतो. मोबदला मागायचा नाही, सेवा करायची आणि जे देतील ते घ्यायचे. आज जर अंगावर घालायला बंदी नाही. उलट ती भरायला आमच्याच मुलींच्या हातात दिली जाते. पण 'देतील ते घ्यायचे' ही अट बदलली का? पीस रेट कोण ठरवतो, हे एकदा विचारून बघा.

यावर आपल्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतात, मग सुई हातात घ्यायचीच कशाला? बाबासाहेबांनी गावकीची कामे सोडायला सांगितली, आमच्या मुलींनी स्पर्धा परीक्षा द्याव्यात. जरूर द्याव्यात. पण ज्या मुलीवर घर चालते आणि जिला परीक्षेची फी भरता येत नाही, तिला चळवळ काय सांगणार? आणि मुळात गावकीत काय वाईट होते? हाताने काम करणे वाईट नव्हते. काम जन्माने चिकटलेले, त्याला दर नाही, नाही म्हणायची सोय नाही, सोडून जायची वाट नाही, हे वाईट होते. म्हणूनच बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध बिल आणले. जात म्हणजे श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी, हा त्यांचा सिद्धान्त आपण पाठ म्हणतो, पण हाताच्या कामाकडे नाक मुरडताना आपणच ब्राह्मणी नजर वापरतो.

दुसरीकडे सरकारचे बघा. 17 सप्टेंबर 2023 ला पीएम विश्वकर्मा योजना आली. अठरा धंदे, पाच टक्क्यांनी कर्ज, अवजारांसाठी 15,000 रुपये. पैसे वाईट नाहीत, पात्र असेल त्याने घ्यावेत. पण योजनेची भाषा वाचा. गुरु-शिष्य परंपरा, कुटुंबात चालत आलेले कौशल्य. चांभाराच्या मुलाने चप्पल, न्हाव्याच्या मुलाने वस्तरा! मद्रासमध्ये राजाजींनी 1953 मध्ये मुलांना अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस बापाचा धंदा अशी योजना आणली, तेव्हा पेरियारांनी रान उठवले आणि 1954 मध्ये ती मागे घ्यावी लागली. आपल्याला कौशल्य हवे आहे, कुळाचा शिक्का नको.

भरतकाम या दृष्टीने आपल्यासाठी मोकळी जागा आहे. ते आपल्या कुणाच्या कपाळावर जन्माने लिहिलेले नाही. मुंबईतल्या अड्ड्यांवर आरी-जरदोसी करणारे बहुतेक कारागीर उत्तर प्रदेश, बिहार, बंगालमधून आलेले मुस्लिम पुरुष आहेत. लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडाखाली एका हातात धागा आणि वर दुसऱ्या हातात आरीचा हूक, असे वर्षानुवर्षे बसून ते उस्ताद होतात. 30 मार्च 2023 ला गेटवे ऑफ इंडियावर दिओरचा फॅशन शो झाला, त्यातले भव्य तोरण मुंबईतच हाताने भरले होते. ज्या कलेसाठी पॅरिस मुंबईत येते, ती 'घर सांभाळून फावल्या वेळात' शिकायची गोष्ट कशी? फावला वेळ हा शब्दच मजुरी मारण्यासाठी आहे.

म्हणून व्यवसाय म्हणून शिका. आयटीआयमध्ये भरतकामाचा एक वर्षाचा ट्रेड आहे, तीन महिन्यांच्या फोटो-कोर्सपेक्षा तो बरा. खाका स्वतः काढायला आणि टोचायला शिका. जी दुसऱ्याचा खाका भरते ती मजूर राहते, खाका जिचा तिला भाव सांगता येतो. प्रत्येक नमुन्याला किती तास लागले ते वहीत लिहा. मोती, कटदाना, जर यांचा खर्च वेगळा आणि मजुरी वेगळी लावा. आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय कापड अड्ड्यावर चढवू नका. हस्तकला विकास आयुक्तालयाचे 'पहचान' कार्ड काढा.

पण एकटीने सांगितलेला दर टिकत नाही. ती नाही म्हणाली की शेजारची तीनशेला करते. म्हणून वस्तीतल्या सगळ्याजणींनी बसून एक दरपत्रक करायला हवे, आणि ते करताना अड्ड्यावरच्या मुस्लिम कारागिरांनाही सोबत घ्यायला हवे. त्यांचा दर पाडण्यासाठी आमच्या मुली वापरल्या जात असतील तर ते सक्षमीकरण नव्हे. किमान वेतनाचे बिल मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनीच 1946 मध्ये मांडले होते. 1948 मध्ये झालेल्या त्या कायद्याने पीस रेटलाही किमान मर्यादा ठरवायची सोय केली. घरून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 177 क्रमांकाचा करार 1996 पासून आहे, भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. जयंतीच्या मंडपात हा मुद्दा कधी ऐकलाय?

येत्या 14 एप्रिलला कुणी वस्तीत मोफत क्लास घेऊन आले तर हाकलू नका. तीन प्रश्न विचारा. डिझाइन आणि हिशेब शिकवणार का? कोर्सनंतर काम कोण देणार आणि तासाला किती पडणार? तयार मालावर नाव कुणाचे? उत्तर मिळाले तर सतरंजी आपणच टाकू. नाही मिळाले तर फोटोत उभे राहू नका.

'शिका'नंतर 'संघटित व्हा' येते. टाक्यापाशी थांबू नका.

जय भीम!