जन्मतारीख बदलता येत नाही!

दोस्तांनो, या वेळी आपल्या एका वाचक मैत्रिणीच्या पत्रापासून सुरुवात करू या. ती आठवीत आहे. ती लिहिते, 'आमच्या क्लासच्या ॲपमधून सगळ्या मुलांची नावं, जन्मतारखा, आईबाबांचे नंबर चोरीला गेले. आता बाबांना रोज अनोळखी फोन येतात. बोलणाऱ्याला माझं नाव, शाळा, इयत्ता सगळं ठाऊक असतं! बाबा मलाच ओरडतात. माझं काय चुकलं?'

अगं, तुझं काहीच चुकलं नाही. हे वाक्य बाबांनाही वाचून दाखव. ज्यानं माहिती मागून घेतली, ती सांभाळायची जबाबदारी त्याची.

असं मोठमोठ्या कंपन्यांच्या बाबतीतही घडलंय बरं का. हाँगकाँगची व्हीटेक नावाची कंपनी लहान मुलांसाठी खेळण्यातले टॅब्लेट बनवते. नोव्हेंबर २०१५ मध्ये तिच्या संगणकांतून जगभरच्या सुमारे ६४ लाख मुलांची माहिती बाहेर गेली. नावं, वाढदिवस, काहींचे तर फोटोसुद्धा! आणि गंमत म्हणजे (गंमत कसली, चीडच येते) कंपनीला याचा पत्ताच नव्हता. एका पत्रकारानं कळवलं, तेव्हा कुठे तिला कळलं. अमेरिकेत मुलांच्या माहितीसाठी वेगळा कायदा आहे. त्याखाली जानेवारी २०१८ मध्ये कंपनीला साडेसहा लाख डॉलर दंड भरावा लागला. पण त्या मुलांचे वाढदिवस काही परत आले नाहीत. पासवर्ड बदलता येतो, जन्मतारीख कशी बदलणार?

म्हणून चोरी झाली की ती लगेच कळणं फार महत्त्वाचं. आपल्याकडे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. माहिती फुटली, तर कंपनीनं ज्याची त्याला विनाविलंब कळवायचं, तेही साध्यासोप्या भाषेत. काय गेलं, केव्हा गेलं, त्यातून काय त्रास होऊ शकतो, कंपनी काय करते आहे, तुम्ही काय करावं आणि कुणाशी बोलावं, हे सगळं सांगायचं. लपवलं तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत! तो सरकारजमा होतो, आपल्या हातात पडत नाही, हे मात्र मला तितकंसं पटत नाही. १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर आईबाबांची संमती हवी, असंही हा कायदा म्हणतो. कंपन्यांवरची ही मुख्य बंधनं लागू व्हायची तारीख मे २०२७ मधली आहे. पण एक पत्र लिहून जाब विचारायला तारखेची वाट कशाला पाहायची?

आता फोनचं बघू. 'क्लासमधूनच बोलतोय, फी परत करायची आहे, ओटीपी सांगा,' असं कुणी म्हणालं, की सरळ फोन ठेवून द्यायचा. त्याला तुझं नाव माहीत आहे म्हणून तो ओळखीचा ठरत नाही. ते नाव त्यानं चोरीच्या यादीतून वाचलेलं असतं! खरंच क्लासचा फोन असेल असं वाटलं, तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर आपणच फोन करून विचारायचं.

ॲपचा पासवर्ड आजच बदल. तोच पासवर्ड ईमेलला किंवा खेळाच्या ॲपलाही असेल (असतोच, मला माहीत आहे!), तर तिथेही वेगळा घाल. आधार क्रमांक दिला होता का, ते आईला विचार. दिला असेल, तर बोटांचे ठसे आणि डोळ्यांची खूण 'लॉक' करायची सोय आधारच्या ॲपमध्ये आहे. ते काम आईबाबांनी करायचं. आणि खात्यातून पैसे गेलेच, तर लगेच १९३० हा नंबर फिरवायचा आणि बँकेलाही कळवायचं. उद्या बघू, असं म्हणायचं नाही, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायला वेळ लागत नाही.

राहिलं ते पत्र. बाबांना शेजारी बसव आणि क्लासला लिही: 'आमची कोणती माहिती गेली? केव्हा? तुम्ही काय केलंत? आमची नको असलेली माहिती आता पुसून टाका.' खाली तारीख घाल, बाबांची सही घे, एक प्रत घरी ठेव. उत्तर आलं की आम्हालाही कळव. नाही आलं, तरी कळव.