लीलावतीचा मोर आणि पडद्यावरचा राक्षस

दिवाळीच्या सुट्टीत घरोघरी एक तक्रार हमखास ऐकू येते : "कार्टा दिवसभर त्या व्हिडिओ गेममध्ये डोके घालून बसतो!" त्याच कार्ट्याने उद्या "मला असा खेळ तयार करायचा आहे," असे म्हटले, की आईबाप कपाळाला हात लावतात. मला विचाराल, तर हात कपाळाला न लावता त्याच्या गणिताच्या वहीला लावावा.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (सन ११५०) एक उदाहरण आहे. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे; खांबाच्या बुंध्याशी सापाचे बीळ. सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे येताना दिसतो आणि मोर तिरकी झेप घेतो. दोघांची गती सारखी. गाठ कोठे पडेल? बिळापासून बारा हातांवर. पायथागोरसच्या सिद्धांताने ताळा करून पाहा : दोघेही पंधरा-पंधरा हात गेलेले असतात.

पडद्यावरचा राक्षस नायकाला गाठतो, तो ह्याच जातीच्या हिशेबाने. फरक इतकाच, की येथे सेकंदाला साठ चित्रे उमटवायची, तर एका चित्रामागे सुमारे १७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात सारा हिशेब नव्याने मांडायचा. नायकाने उडी मारली, की दर चित्रागणिक त्याच्या वेगातून गुरुत्वाकर्षणाचा वाटा वजा करायचा आणि उरलेला वेग उंचीत मिळवायचा. ह्या दोन ओळींतून उडीची कमान उमटते. १९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम ह्यांनी टेनिसचा खेळ केला, त्यातही चेंडूची वाट संगणकच आखीत होता.

तेव्हा मुलाला एकच पथ्य सांगा : भव्य युद्धखेळ नंतर, आधी एक चेंडू. पायथॉनसारखी भाषा फुकट मिळते. आलेखाच्या कागदावर चेंडूची दहा स्थाने हाताने काढावीत आणि मगच प्रोग्रॅम लिहावा. दुसऱ्याचा तयार प्रोग्रॅम उतरवून घेणे म्हणजे गाइडमधले रसग्रहण पाठ करणे. गुण मिळतात, कविता मात्र हाती लागत नाही.

नुसते खेळत बसल्याने कोणी खेळ रचायला शिकत नाही, हेही त्याला स्पष्ट सांगावे. पण "साइन-कोसाइनचा उपयोग काय?" ह्या प्रश्नाला आजवर आपण "परीक्षेला येते" एवढेच उत्तर दिले. त्या उत्तराने किती मुले गणिताला कायमची मुकली! आता अधिक चांगले उत्तर घरातच आहे. ते हिसकावून कपाटात कुलूपबंद करण्यापूर्वी घटकाभर मुलाशेजारी बसा आणि विचारा, "बाळ, हा चेंडू उसळतो कसा?"